मोर्वेनाची अकरा पत्रं

१

मोर्वेना ट्रेगेन्झाला मरून चौदा महिने झाले होते, आणि तिच्या हातचं पत्र तीन आठवड्यांपूर्वीचं होतं.

हेस्टरबाई क्वेल यांनी चष्मा पुसला, पत्र खिडकीशी नेलं आणि तारीख पुन्हा वाचली. तीन नोव्हेंबर, एकोणीसशे पंचेचाळीस. ‘लाडक्या आईस. इथे थंडी पडली आहे, पण मी मजेत आहे. तुझा गुडघा कसा आहे? छावणीत निर्वासित फार आणि दुभाषी कमी, म्हणून मला अजून सोडत नाहीत. वसंतात नक्की येते.’

सोबत आईची चिठ्ठी होती, कॉर्नवॉलच्या एका कोळीवाड्यातून थेट बाईंच्या नावानं आलेली. ‘लेक वसंतात येते म्हणते. तिचा लोकरीचा कोट कुठल्या पत्त्यावर धाडू ते कळवावे. तिचे अकरावे पत्र सोबत जोडले आहे. लव्हडे ट्रेगेन्झा.’

अकरावं!

लंडनच्या त्या कचेरीला दारावर पाटी नव्हती. युद्धात शत्रूच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये हेर उतरवायचे, वायरलेसवरून त्यांचे संदेश घ्यायचे, हे तिचं काम. हेस्टरबाईंकडे हेरांच्या घरच्यांचं खातं होतं. जाणाऱ्या प्रत्येकाकडून त्या बिनतारखेची काही पत्रं लिहून घेत आणि पुढे दोन-दोन महिन्यांनी एकेक टपालात टाकत, म्हणजे घरच्यांना घोर नको. मोर्वेनानं एका बैठकीत सहा पत्रं खरडली होती. ‘सातवं मागू नका,’ ती पेनाचं टोक चावत म्हणाली होती, ‘मला खोटं बोलायचा कंटाळा येतो.’ सहावं पत्र जानेवारीत गेलं. त्यानंतर द्यायला काही उरलंच नव्हतं.

मागच्या महिन्यात जर्मनीहून यादी आली. मोर्वेना ट्रेगेन्झा, टोपणनाव चंडोल, सप्टेंबर चव्वेचाळीसमध्ये गोळ्या घालून ठार. येत्या शुक्रवारी तिच्या आईला तसं कळवायचं होतं आणि त्याच दिवशी तिची फाइल तळघरातल्या बॉयलरमध्ये टाकायची होती. कचेरी बंद होत होती. कागद मागे ठेवायचा नाही, असा हुकूम होता. आज मंगळवार.

बाई दप्तरखान्यात गेल्या. ‘टॉली, चंडोलची फाइल काढ.’

म्हाताऱ्या टॉलीनं कपाट उघडलं, शिडीवर चढून एक जाडजूड फाइल उतरवली. बाईंनी फीत सोडली.

आत घडी घातलेली वर्तमानपत्रं होती. दुसरं काहीही नव्हतं.

२

‘देवाशपथ सांगतो बाई, मी हात लावला नाही!’ टॉली शिडीच्या खालच्या पायरीवर मटकन बसला. ‘जाळायच्या वेळी मी फीत सोडून बघतसुद्धा नाही. बघवत नाही. माझा हॅरी गेला ना बोटीवर, त्याचंही कुठंतरी असंच बाड असेल.’

‘किल्ली कुणाकडे असते?’

‘माझ्याकडे. एक मेजरसाहेबांकडे. आणि…’ तो चाचरला. ‘पावणेअकराला मी खाली कोळसा ओढायला जातो, तेव्हा ती त्या खिळ्यावर असते. चहाच्या यादीशेजारी.’

‘म्हणजे चहा घ्यायला येणाऱ्या कुणाच्याही हाताला लागेल.’

‘आता येतंय कोण, बाई? चार टाळकी उरलीत. तुम्ही, मेजरसाहेब, पेटिफर आणि ती मुकी पोर.’

मुकी पोर म्हणजे आयव्ही स्प्रॅकलिंग, सांकेतिक संदेश उलगडणारी. तशा वीस मुली होत्या. एकोणीस घरी गेल्या, ही मात्र शेवटची बाडं आवरायला थांबली. मुकी नव्हती, पण टॉलीला तिचा आवाज आठवत नसे.

बाईंनी वर्तमानपत्रं खोलीत आणून टेबलावर पसरली. सगळी जुनी. सर्वांत नवं सव्वीस फेब्रुवारीचं. त्यांनी ते बाजूला सारलं आणि पुन्हा जवळ ओढलं.

फाइल आता नाहीशी झालीच नव्हती. ती नऊ महिन्यांपूर्वी रिकामी झाली होती, आणि सातवं पत्र मार्चमध्ये गेलं असणार. मोर्वेनाच्या अक्षराचा नमुना त्या फाइलमध्येच होता; ज्यानं ती नेली त्यानंच पत्रं लिहिली.

पण फाइल नाहीशी व्हावी असं मनापासून वाटणारा या इमारतीत एकच माणूस होता, आणि त्याच्याकडे किल्ली होती.

३

मेजर गार्साइड खोक्यांच्या ढिगात उभे होते. शेकोटीत कोळसा नव्हता. अंगात ओव्हरकोट, गळ्यात मफलर.

‘चंडोल?’ त्यांनी मान वर केली नाही. ‘तिचं काय आता?’

‘फाइल रिकामी आहे, साहेब.’

‘मग तुमचं काम वाचलं. जाळायचीच होती ना?’

‘आत तुमच्या हातची एक टीप होती, असं मी ऐकलंय. लाल पेन्सिलीची.’

मेजरांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. बराच वेळ ते त्याच्या सुतळीची गाठ सोडवत राहिले, जी सोडवायची काही गरज नव्हती.

‘कोण बोललं?’

‘भिंती बोलतात. आपण त्यांना तेच तर शिकवलं.’

‘तुम्हाला वाटतंय, मी लपवली.’ ते खुर्चीत बसले. एकाएकी म्हातारे दिसू लागले. ‘यादी आली त्या दिवशी मी स्वतः खाली गेलो होतो, मिस क्वेल. कपाट उघडलं. फीत सोडली, आणि वर्तमानपत्रं बघून परत बांधली. कुणाला विचारायची छाती झाली नाही.’

‘जाळायची होती तुम्हाला?’

‘वाचायची होती. आपण नेमकं काय लिहिलं ते मला आठवत नाहीये. रोज साठ कागदांवर लिहायचो. एका मुलीचा जीव गेला आणि मला माझे शब्दसुद्धा आठवत नाहीत.’

खरं बोलत होते की सोंग? बाईंनी मनातल्या मनात महिने मोजले. जानेवारीच्या मध्यापासून मार्च संपेपर्यंत मेजर न्यूमोनियानं इस्पितळात पडून होते. बाईंनीच दर रविवारी त्यांना अंडी नेऊन दिली होती. सव्वीस फेब्रुवारीचं वर्तमानपत्र त्यांनी कपाटात ठेवणं शक्यच नव्हतं.

‘कोणी नेली ती, कळलं तर मला सांगाल?’ मेजरांनी विचारलं.

‘सांगेन. पण आधी जिची लेक गेली तिला.’

जिन्यात येताच बाई थबकल्या. मेजर नव्हे, टॉलीला धड सही करता येत नाही. उरलं कोण? दुसऱ्याचं अक्षर हुबेहूब काढायचं, हाच ज्याचा धंदा होता, तो माणूस तर वरच्याच मजल्यावर बसत होता.

४

ऑझविन पेटिफर युद्धभर खोटी ओळखपत्रं, खोटे दाखले, खोटी प्रेमपत्रं करत असे. त्याच्या हातचे शिक्के खऱ्यांपेक्षा खरे वाटत. आता तो खिडकीत बसून आपल्या शाईच्या बाटल्या कागदात गुंडाळत होता.

बाईंनी अकरावं पत्र त्याच्यासमोर ठेवलं. ‘छान जमलंय, पेटिफर.’

त्यानं भिंग काढलं, दोन मिनिटं पाहिलं आणि तोंड कडू केलं. ‘बाई, शिव्या द्या, पण हे माझं म्हणू नका! माझी अब्रू जाईल.’

‘का? अक्षर तिचंच वाटतं.’

‘तुम्हाला वाटतं. आईलाही वाटलं असेल. पण हे शिकाऊ आहे. हा बघा फाटा, चित्र काढल्यासारखा काढलाय. खरा माणूस असा जपून लिहितो होय?’ त्यानं भिंग पुढेमागे केलं. ‘मेहनत मात्र घेतलीय हो. एकेका ओळीला अर्धा तास. पैशासाठी कुणी एवढं करत नाही.’

‘मग कशासाठी करतं?’

‘ते मला काय विचारता? मी पगारी माणूस.’ तो एकदम थांबला. ‘थांबा. ही काय भानगड?’

‘काय?’

‘आपलं धावतं अक्षर कसं असतं? शब्द संपेपर्यंत पेन उचलायचं नाही. हिनं लांब शब्दांत मधेच उचललंय. इथं बघा. आणि इथं. अवघड वळण आलं म्हणून नाही, उगाचच. ही हाताची खोड आहे. डोकं कितीही नक्कल करो, हात आपली खोड सोडत नाही.’

‘हिनं का म्हणालात?’

‘तोंडात आलं खरं. आता तुम्ही शोधा.’

बाईंनी भिंग मागून घेतलं. एका लांब शब्दावर बोट ठेवलं आणि इंग्रजी अक्षरं मोजली. दुसरा शब्द घेतला. तिसरा. पेन दर वेळी एकाच ठिकाणी उचललेलं होतं.

पाच अक्षरं झाली की थांबायचं. मग सहावं.

वरच्या मजल्यावरून खाली चहाच्या खिळ्यापर्यंत बाई जवळजवळ धावतच आल्या. महिन्याची यादी टांगलेली होती, कुणी कधी दूध आणायचं ती. नावं साध्या, गोल अक्षरात लिहिलेली. ‘पेटिफर’ मध्येच तुटलेलं. इंग्रजी पाच अक्षरं, बारीकशी फट, मग तीन. ‘गार्साइड’ पाचांवर तुटलेलं. ‘टॉली’ आणि ‘क्वेल’ तेवढी सलग.

वायरलेसचे संदेश पाच-पाच अक्षरांच्या तुकड्यांत येतात. चार वर्षं दिवसभर जो ते लिहून काढतो, त्याचा हात दुसऱ्या कशानं घडणार?

यादीखाली सही होती आयव्हीची.

५

आयव्ही टाइपरायटरवर झाकण घालत होती. तेवीस वर्षांची, पण खांदे पन्नाशीचे. बाईंनी दार लावलं आणि पत्र समोर ठेवलं.

तिनं नाही म्हटलं नाही. खुर्चीखालची विणकामाची पिशवी ओढली, लोकरीचे दोन गुंडे काढून ठेवले आणि तळातून कागदांचं पुडकं वर घेतलं.

‘सगळं आहे, मिस क्वेल. एक चिठोरंसुद्धा हरवलं नाही.’

‘अगं, पण का?’

आयव्हीनं वरचा कागद पुढे केला. जून चव्वेचाळीसचा. ‘प्रत्येक हेराला एक चूक नेमून दिलेली असायची ना, संदेशात मुद्दाम करायची. ती नसली की ओळखायचं, माणूस पकडला गेलाय, शत्रू लिहून घेतोय. चंडोलच्या त्या संदेशात चूक नव्हती. मी तशी चिठ्ठी लावून वर पाठवलं.’

चिठ्ठीखाली लाल पेन्सिल होती. ‘मुलगी घाईत विसरली असेल. तिला समज द्या.’

‘आणि समज कुणी दिली?’ आयव्हीचा आवाज इतका बारीक झाला की बाई पुढे वाकल्या. ‘मी. याच हातानं. “ठरलेली चूक करायला विसरलीस, पुढे लक्ष ठेव.” समोर कोण वाचत होतं, मिस क्वेल? तिनं त्यांच्यापासून एकच गोष्ट लपवली होती, आणि ती आम्ही त्यांना सांगून टाकली.’

बाहेर टॉली कोळशाची बादली ओढत गेला.

‘आणि पत्रं?’

‘तिच्या आईची उत्तरं माझ्याकडेच यायची, मीच फाइलला लावायची. सहाव्याच्या उत्तरात आईनं लिहिलं होतं, “पुढचं लवकर टाक, पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून दारात भिजत असते मी.” ती वाट मीच बंद केली होती ना. म्हटलं, एकच लिहावं. एकानं काय होतंय? पण मग उत्तर आलं.’ ती रडत नव्हती. हातातली लोकर मात्र घट्ट गुंडाळत होती. ‘पोटात अन्न घालतेस ना, पाय ओले ठेवू नकोस, काडीसारखं वाळून येऊ नकोस. ब्रिस्टलच्या अनाथाश्रमात वाढले मी. मला कधी कुणाचं पत्र आलं नव्हतं. हे माझ्या नावानं नव्हतं, मला ठाऊक आहे. तरी मी पाय कोरडे ठेवायला लागले.’

हेस्टरबाईंनी रागवायचं ठरवलं होतं. पण त्यांच्या स्वतःच्या टेबलाच्या खणात ‘आपली मुलगी खुशाल आहे’ असं छापल्यासारखं लिहिलेल्या पत्रांच्या नकला होत्या. चौदा. त्यांतली पाच मोर्वेना मेल्यानंतरची.

‘मला पोलिसांत देणार?’ आयव्हीनं विचारलं.

‘उद्या रात्रीची गाडी आहे पॅडिंग्टनहून, गुरुवारी सकाळी पोचते,’ बाई म्हणाल्या. ‘जाडे मोजे घाल. आपण दोघी कॉर्नवॉलला जातोय.’

६

लव्हडे ट्रेगेन्झाचं घर चढावर होतं. दारात मिठाची पिंपं, आत मासळीचा वास आणि चुलीवर केटली. लव्हडे साठीची, खांद्यानं रुंद. तिकडे वडीलधाऱ्या बाईला सगळा गाव मावशीच म्हणतो; हेस्टरबाईंच्या तोंडातूनही तेच आलं.

‘मावशी, मी लंडनहून आलेय. कचेरीतून. बातमी वाईट आहे.’

‘बसा आधी.’ लव्हडेमावशीनं दोन खुर्च्या ओढल्या. ‘माझी मोर्वेना गेली. तेच ना?’

आयव्ही उंबऱ्यावरच थांबली.

‘तुम्हाला कुणी कळवलं?’ हेस्टरबाईंनी विचारलं.

‘पत्रानं. मार्चमधल्या. “आई, तुझा गुडघा कसा आहे?” म्हणे!’ मावशी हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. ‘अहो, माझ्या लेकीनं जन्मात माझ्या गुडघ्याची चौकशी केली नाही. तिची पत्रं म्हणजे नुसती कुरकुर. जेवण पाणचट, पलंग टोचतो, अमुक माणूस गाढव आहे. इतकी गोड पोर माझ्या पोटी आलीच नव्हती. वाचलं आणि कळलं, हे दुसरं कोणीतरी आहे. आणि दुसरं कोणी का लिहील? माझी असती तर तिनंच लिहिलं असतं.’

‘मग तुम्ही उत्तरं का दिलीत?’

‘तुमचीही पत्रं यायची की. खुशाल आहे, खुशाल आहे. ती मी चुलीत घातली.’ मावशीनं ते रागानं म्हटलं नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. ‘ही ठेवली. लिहिणाऱ्याला काहीतरी खुपत होतं. केशराची पोळी कशी करतात म्हणून तीनदा विचारलं तिनं. या घरात वाढलेल्या पोरीला ते विचारावं लागतं? म्हटलं, जिला हे शिकवायला कोणी नाही अशी कोणी आहे ही. मी थांबले असते तर ती कुणाला लिहिणार होती? पण आठ महिने झाले. माझ्या लेकीसाठी मोठ्यानं रडायचंय मला, आणि सांगायलाच कुणी येईना. म्हणून कोटाचं तुम्हाला विचारलं. म्हटलं, याचं उत्तर कागदावर देता येणार नाही. कुणातरी माणसाला यावं लागेल.’

ती वळली. आयव्ही दारापाशीच उभी होती.

‘तू का गं ती?’

आयव्हीनं होकारार्थी मान हलवली. मग लाल पेन्सिलीची ती चिठ्ठी तिनं स्वतःच पुढे केली आणि आश्रमापासून सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. मी कळवलं, माझ्या हातानं, असं ती दोनदा म्हणाली.

मावशीनं चिठ्ठी वाचली. केटलीचं पाणी उकळून उकळून आटत आलं, पण कुणी उठलं नाही.

‘तिनं त्यांना चूक सांगितली नव्हती,’ मावशी शेवटी म्हणाली. ‘मारलं असेल, तरी नाही सांगितली. हट्टी होती माझी पोर.’ तिनं एप्रन डोळ्यांना लावला आणि ती मोठ्यानं रडली, आठ महिन्यांचं साचलेलं. हेस्टरबाईंनी तिचे हात धरून ठेवले.

खूप वेळानं मावशीनं नाक पुसलं. ‘हे लाल पेन्सिलवाले कोण?’

‘आमचे मेजर. आपण काय लिहिलं ते त्यांनाही पुन्हा वाचायचंय.’

‘मग त्यांना म्हणावं, इथं येऊन वाचा. या खुर्चीत बसून. कागद इथंच राहील.’

‘राहील,’ हेस्टरबाई म्हणाल्या. ‘उद्या मी दप्तरात सही करणार आहे, फाइल जळाली म्हणून. चार वर्षं खोटं लिहिलं, आणखी एकदा लिहीन. याचं मात्र मला काही वाटणार नाही.’

त्यांची परतीची गाडी चारला होती. आयव्ही बॅग उचलायला वाकली तशी मावशी कडाडली, ‘तू कुठं निघालीस? कोटाचं माप बघायचंय अजून. मोर्वेना तुझ्यापेक्षा उंच होती, बाह्या आखूड कराव्या लागतील. आणि कागद भरभरून विचारत होतीस ना पोळीचं? कणीक मग भिजवू, आधी ते बटाटे सोलायला घे. आता यापुढं लिहायचं ते आपल्या नावानं लिही, कळलं का?’

‘मावशी, मी तुमच्या मुलीच्या…’

‘तू तिच्या जागी नाहीस. तिची जागा कुणाला मिळायची नाही. तू तुझ्या जागी बस, त्या बटाट्यांशी.’

हेस्टरबाई एकट्याच उतार उतरू लागल्या. खाली धक्क्यावर होड्या लागत होत्या, कोळणी आरडाओरडा करत टोपल्या ओढत होत्या. पहिल्या वळणावर त्या दम खायला थांबल्या तेव्हा वरच्या उघड्या खिडकीतून मावशीचा खणखणीत आवाज आला.

‘अगं बये, साल काढतेयस की अख्खा बटाटा? आश्रमात काय सुरी धरायलाही शिकवलं नाही तुला? दे इकडं! आणि रडायचं असेल तर त्या पातेल्यापासून लांब रड, मीठ मी घातलंय.’